चांदबीबीच्या महालात कबर कुणाची?

मंडळी, सायबर कॅफेवाला उठवायच्या आत लिहून टाकतो, कारण सकाळपासून माझं डोकं चालेनासं झालंय.

नागपूरची वहिनी पहिल्यांदाच नगरला आलीय. मोठ्या तोऱ्यात तिला डोंगरावर चांदबीबीचा महाल दाखवायला नेलं. ती फिरून फिरून विचारते, "भाऊजी, महालात चूल कुठाय? न्हाणी कुठाय?"

शेवटी तळघरात डोकावलो, तर कबर! मी म्हणालो, "चांदबीबीची असेल."

वहिनीनं बाहेरची पाटी मोठ्यानं वाचली. सलाबतखान नावाच्या सरदाराची कबर आहे म्हणे. महाल नाहीच!

अहो, शाळेच्या सगळ्या सहली इथेच यायच्या. त्या पायऱ्यांवर बसून आम्ही भेळ खाल्लीय. पाटी एकानंही वाचली नाही?

खाली उतरल्यावर वहिनीनं रिक्षावाल्याला मुद्दाम विचारलं, "सलाबतखानाची कबर कुठे आली?"

"असलं काय न्हाई बगा नगरात," तो म्हणाला. "चांदबीबीचा महाल बगितला का? लई भारी हाय!"

आणि मी चक्क मान डोलावली.

उद्या मामांना तिथेच न्यायचंय. काय सांगू त्यांना? चांदबीबीला तिथून हलवायला मन होत नाही, आणि तो सरदार तर स्वतःच्याच कबरीत भाडेकरू झालाय.