कोरेगाव ते सांगली, कानाचे कागद आणायला

सोमवार, १५ डिसेंबर

चार महिने इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफी मागते. फिरणं थांबलं का, असं दोघीतिघींनी विचारलं. थांबलं होतं. मुलगी ऋतुजा नौदलाच्या प्रशिक्षणाला ओडिशात गेली आणि रविवारी घर सोडणं आमच्या जिवावर यायला लागलं. तिथे मुलांना रविवारी दुपारी थोडा वेळ फोन हातात मिळतो. त्या आठ-दहा मिनिटांसाठी बाकीचा आठवडा आम्ही ओढत नेतो.

कालच्या आधीच्या रविवारी ती म्हणाली, पोहण्याच्या चाचणीत दोनदा नापास झालेय. पाण्यात डोकं घालायची वेळ आली की अंग आखडतं. कारण कान, लहानपणी फुटलेला. भरतीच्या तपासणीत कान चांगला निघाला होता, तरी तिचा विश्वास बसत नाही. सांगलीच्या डॉक्टरांचे जुने कागद शोध, इथे दाखवते, म्हणाली. तिसरी चाचणी येत्या गुरुवारी आहे. तीही हुकली तर पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा सगळं करायचं. आणि कागद दाखवले तर कदाचित घरीच यायचं.

माझे यजमान सुरेश लगेच म्हणाले, रविवारी निघू, तिचा फोन वाटेत शिराळ्यात घेऊ, मुक्काम सांगलीला त्यांच्या बहिणीकडे, ताईंकडे, सोमवारी दवाखाना. मी हो म्हटलं. कागद नाहीत, हे मला माहीत होतं.

काल सकाळी सातला कोरेगाव सोडलं. रहिमतपूर, मसूर करत कराडला यायला दीड तास धरा. उसाचा हंगाम असल्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढे असतात आणि मागे दिवा असेलच असं नाही. अंधारात निघू नका. कराडला मिसळ खाल्ली, दोघांची दोनशेच्या आत. चांगली असावी, सुरेशनी रस्सा दोनदा मागितला. मला चव आठवत नाही. पुढे महामार्गाचं काम चालू आहे, धूळ खूप. पेठ नाक्यावरून उजवीकडे वळलं की रस्ता एकदम निवांत होतो.

शिराळ्याला लोक नागपंचमीला येतात. डिसेंबरात गाव मोकळं असतं, गाडी दारापर्यंत जाते. आम्ही शालनवहिनींकडे गेलो. त्यांची प्रणाली ऋतुजाच्याच तुकडीत आहे. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओळख झाली, प्रत्यक्ष भेट पहिलीच. वहिनी फोनवर बोलायच्या गोष्टी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून ठेवतात आणि एकेक खोडत जातात. त्यांचे सासरे आबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरात तीन पिढ्या फौज, त्यामुळे नियम ठरलेला: फोनवर रडायचं नाही, म्हैस आजारी असली तरी सांगायचं नाही. नेव्हीबद्दल मात्र आबांची तक्रार आहे. जमिनीवर उभं राहून लढता येतं की, असं ते म्हणाले.

प्रणालीचा फोन आधी आला. वहिनींनी पान खोडून संपवलं आणि आत जाऊन तोंड धुतलं. मग माझा वाजला. सवयीने मी स्पीकर लावला होता.

ऋतुजाने पहिलंच विचारलं, कागद मिळाले का? सुरेश म्हणाले, उद्या मिळतील बाळा. मला वाटतं त्या 'उद्या'नेच मला बोलतं केलं. आणखी एक दिवस खोटं रेटायची ताकद नव्हती, इतकंच. तो खरेपणा होता की थकवा, हे अजून ठरत नाही.

"कागद नाहीत," मी म्हटलं. "तुझा कान कधी फुटलाच नव्हता. डॉक्टरांनी नुसता मळ काढला होता. मी खोटं सांगितलं."

पलीकडे शिट्टी आणि पुष्कळ पोरींचा गलका.

"का गं?"

ती नऊ वर्षांची होती. सुरेश तिला पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवत होते. चुलतभाऊ काठावर असायचे. पोरगी मोठी व्हायला लागली, आता बास, असं शेजारी बोलायला लागले. मी पदवीधर; लोकांना भिऊन मुलीला काढलं, हे स्वतःशी कबूल करायची लाज वाटली. म्हणून कानाची सबब पुढे केली. हे सगळं फोनवर सांगायला वेळ नव्हता. "लोक बोलत होते, मी घाबरले," एवढंच म्हटलं.

ती म्हणाली, "म्हंजे डोकं आत घालू?"

"घाल."

फोन बंद झाला. वेळ संपली की तिने ठेवला, कळलं नाही. सुरेश उठून गाडीपाशी गेले. आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "आवं ताई, पोरगी तिकडं पाण्यात हाय, अन् गटांगळ्या तुमी खाताय व्हय? बसा. च्या घ्या."

शिराळा ते सांगली, आष्ट्यामार्गे, दीड-पावणेदोन तास. रस्त्याबद्दल काही सांगता येणार नाही. मी सुरेशचे हात बघत होते. विश्रामबागेत ताईंनी भाकरी-पिठलं केलं होतं. दवाखान्याचं कुणी काही काढलं नाही.

आज सकाळी सुरेश म्हणाले, आलोच आहोत तर नदीवर जाऊ. कृष्णेच्या घाटावर दोन म्हातारे पोहून येऊन अंग पुसत होते. आम्ही पायरीवर बसलो. सुरेश पाण्याकडे बघतच बोलले.

"मला वाटायचं, मीच बिघडवला तिचा कान. वरनं उडी मारायला लावली होती मी त्या दिवशी."

दहा वर्षं. मी एका खोट्याचा हिशेब मुलीच्या नावावर धरत होते. त्याचा मोठा वाटा हा माणूस न बोलता उचलत होता, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, भडंग घ्यायचंय ना, दुकानं उघडली असतील. घेतलं, एक किलो, लसूण जास्त.

परतीला मसूरच्या पुढे ते एकदाच म्हणाले, "पोहायची चांगली ती." चारच्या सुमारास घरी पोचलो.

अशा प्रवासातून काय आणलं, हे मी नेहमी शेवटी लिहिते. या वेळी भडंग सोडून काही दाखवता येत नाही. गुरुवारी काय होईल माहीत नाही, आणि झालं ते पुढच्या रविवारशिवाय कळणार नाही. ऋतुजाला सगळं नीट कळावं म्हणून आल्याबरोबर पत्र लिहायला बसले. चार पानं झाली. ते चाचणीनंतरच पोचणार. हे इथे लिहू का, असं सुरेशना विचारलं. खरं असेल तर लिही, म्हणाले.

उद्या: पत्र पोस्टात टाकण्याआधी त्यांना वाचायला देणे.