आप्पांनी न चाखलेलं तळं

केनियातल्या एका तळ्याकाठी आम्ही चार दिवस राहणार होतो. तिकिटं काढली होती, राहायची सोय झाली होती, आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वेटर घडी घालून बॅगेत ठेवलासुद्धा होता. मग नवऱ्याच्या प्लांटचा दुरुस्तीचा शटडाऊन पुढे ढकलला गेला तो नेमका आमच्या सुट्टीवर येऊन बसला. दोन दिवस सोडले तर सगळी रजा रद्द. मी हे सांगितलं तेव्हा आप्पा नुसते "बरं" म्हणाले आणि स्वेटर परत कपाटात ठेवून आले. रागावले असते तर परवडलं असतं.

आई गेल्यावर मीच त्यांना इकडे कतारला, अल खोरला आणलं होतं. मला भाऊ नाही, बहीण नाही. "आता कायमचे आमच्याकडेच राहा," असं श्रीरामपूरच्या घराला कुलूप लावताना मी चार लोकांत म्हणाले होते. व्हिजिट व्हिसाची मुदत जानेवारीत संपत होती. तो वाढवायचा की परतीचं तिकीट काढायचं, हे त्यांना सुट्टीत निवांत विचारायचं असं आम्ही ठरवलं होतं. म्हणजे नवऱ्यानं ठरवलं, मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्यांनीच नको म्हणावं असं मला वाटत होतं. आणि असं वाटतंय याची मला इतकी लाज वाटायची की मी त्यांच्या भातावर तूप जास्त वाढायचे.

मी दमले होते, बाकी काही नाही. पहाटे साडेचारला उठायचं, तीन डबे भरायचे, आप्पांचा पाचचा चहा करायचा, दहाचा थर्मासमध्ये भरून ठेवायचा आणि सहाला दोह्याच्या रस्त्याला लागायचं. संध्याकाळी सहाला परत. आप्पा दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेले असत. माझी गाडी वळताना दिसली की उठायचे आणि दार उघडून उभे राहायचे. ते काही मागत नसत, हाच त्रास होता. बारा तास वाट पाहिलेल्या माणसाशी काहीतरी बोलायला हवं, आणि माझ्याकडे तोवर एकही शब्द शिल्लक नसायचा. मी कणीक मळत "हं, हं" करत राहायचे. मुलगी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं, त्यामुळे आजोबा आणि नातीच्या मधली दुभाषीही मीच.

आप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कालव्याला पाणी सुटलं की सायकल काढायचे आणि पार शेवटच्या टोकापर्यंत जायचे. त्या टोकाला खात्यात टेल म्हणतात. वरचे लोक पाणी ओढून घेतात आणि टेलवाला कोरडा राहतो, म्हणून नियम असा की आधी टेलला द्यायचं आणि मग वर वर यायचं. हा नियम त्यांनी घरातही आणला होता. सगळ्यांचं उरकल्यावर शेवटी बसणाऱ्या आईला ते रोज विचारायचे, "टेलला पोचलं का?" आई पातेलं तिरकं करून दाखवायची.

त्यांची आणखी एक सवय म्हणजे पाणी चाखण्याची. विहीर असो, ओढा असो, नवं पाणी दिसलं की ओंजळ भरायची, डोळ्यांना लावायची आणि एक घोट तोंडात घोळवायचा. मग पाणी खारं की मचूळ, खालून आलेलं की वरून, सगळं सांगायचे. आमच्या नळाला समुद्राचं गोडं केलेलं पाणी येतं. ते पहिल्याच दिवशी चाखून म्हणाले, "चवच नाही गं. नुसतं शिजवून काढलंय."

केनिया बारगळल्यावर त्यांचा तो "बरं" माझ्याच्यानं ऐकवेना. मी म्हणाले, "आप्पा, इथेही एक तळं आहे. वाळवंटात, गोड्या पाण्याचं. तिकडे जाऊ दोन दिवस."

दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "पाणी कुठून येतं?"

आता ते तळं म्हणजे शहराचं सांडपाणी शुद्ध करून वाळवंटात सोडतात त्याचं साचलेलं. दिसायला देखणं, पक्षी येतात, लोक सहलीला जातात. पण हे सांगायला माझी जीभ उचलेना. "पावसाचं साठतं," मी म्हणाले. "आणि खाली झरे आहेत."

कतारात झरे! नवरा माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात आला. "अगं, त्यांचा जन्म कालव्यावर गेला. त्यांना काय झरे सांगतेस? सांगून टाक सरळ."

"तू सांग," मी म्हणाले. त्यानंही सांगितलं नाही.

नवऱ्याच्या कतारी साहेबानं त्याचा वाळवंटातला हिवाळी तंबू आम्हाला दोन दिवस वापरायला दिला होता. तळं तिथून अर्ध्या तासावर. बाकीचे लोक तळ्यावर कोळसा आणि मांस घेऊन येतात, आम्ही अख्खं स्वयंपाकघर उचलून नेलं. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, चहाचा थर्मास, सतरंजी. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही मी साडेचारलाच उठले होते. गाडी मातीच्या बांधावर चढली आणि समोर एकदम निळं पाणी दिसलं. काठाला पुरुषभर उंच लव्हाळा, मध्ये गुलाबी पक्ष्यांचा थवा.

"आजोबा, लुक! फ्लेमिंगोज!" मुलगी ओरडली.

"रोहित पक्षी आहेत ते. आमच्याकडं धरणावर येतात," आप्पा म्हणाले. मुलीनं त्यांचा हात धरला आणि दोघं दुभाष्याशिवाय चालायला लागले. मी सतरंजी अंथरली आणि पाचच मिनिटं म्हणून आडवी झाले.

डोळे उघडले तेव्हा मुलगी तिच्या बाबाबरोबर लांब फोटो काढत होती. आप्पा एकटेच काठावर उकिडवे बसले होते. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. त्यांनी ओंजळ पाण्यात घातली, वर उचलली आणि डोळ्यांकडे नेली. त्यांची ती सवय मी साफ विसरले होते. जन्मभर पाहिलेली सवय, आणि झऱ्यांची थाप मारताना ती माझ्या ध्यानातही आली नव्हती.

"आप्पा, नको! गटाराचं पाणी आहे ते!"

इतक्या जोरात ओरडले की निम्मा थवा उडाला आणि शेजारच्या चटईवरचं कुटुंब माझ्याकडे बघायला लागलं. आप्पांनी ओंजळ सोडली. मी पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन धावले आणि त्यांच्या हातांवर ओतायला लागले. मला रडू फुटलं होतं. "चुकले मी, आप्पा. खोटं बोलले."

"रस्त्यावरूनच कळलं होतं मला," ते शांतपणे हात चोळत म्हणाले. "पाऊस नाही, नदी नाही, अन् लव्हाळा असा माजलेला. आपल्याकडं नगरपालिकेच्या नाल्यावर हेच माजतंय."

"मग ओंजळ कशाला भरलीत?"

"बघत होतो, तू सांगतेस का."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर काय, प्यालो थोडाच असतो? तेवढा येडा नाही मी." ते हसले. मग हात स्वेटरला पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलंस, बरं केलंस. आता अजून एक खरं सांग. मी राहू का जाऊ?"

"राहा ना, आप्पा," मी म्हणाले.

म्हणाले, पण लगेच म्हणाले नाही. मध्ये थोडा वेळ गेला. बाटलीतलं उरलेलं पाणी वाळूत ठिबकून संपेपर्यंतचा, एवढाच. पण चोरून पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या शपथा ज्यांनी नोकरीभर ऐकल्या, त्यांना तेवढा पुरला.

"बरं," आप्पा म्हणाले.

मग सगळे जेवायला बसले. आप्पांनी पाच पुऱ्या खाल्ल्या, भाजीचं कौतुक केलं, नातीला दहीभात चिमटीत धरून कसा खायचा ते दाखवलं. सगळ्यांचं झाल्यावर मी डबा ओढला. तळाशी एक पुरी आणि भाजीचं थोडं तेल होतं. आप्पा डब्याकडे बघत होते. आईला रोज विचारायचे तो प्रश्न त्यांनी मला विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना गाडी मी चालवत होते. आप्पा पुढे माझ्या शेजारी बसले होते. अर्ध्या रस्त्यात ते मागे वळून नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, जानेवारीचं माझं तिकीट काढा. इथलं पाणी मला मानवत नाही."

"असं काय करता आप्पा? पाण्याचं काय एवढं? बाटलीतलं आणू की तुमच्यासाठी!"

"नाही हो, पोट बिघडतंय. म्हाताऱ्या माणसाला आपलं पाणीच बरं."

त्यांचं पोट एकदाही बिघडलं नव्हतं. चौघांचं खाणं मी रांधत होते, मला माहीत नसणार का? समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून गाडी हाकत राहिले, आणि मला हलकं वाटलं. हे लिहिताना आजही हात जड होतो, पण वाटलं.

जानेवारीत त्यांना सकाळच्या विमानात बसवलं. दिवसभराची रजा टाकली होती. घरी आले, त्यांच्या पलंगावरची चादर धुवायला काढावी म्हणून खोलीत गेले आणि काठावर टेकले. मग तशीच आडवी झाले. जाग आली ती फोनच्या आवाजानं. ऊन बाल्कनीतल्या रिकाम्या खुर्चीच्या पार पलीकडे गेलं होतं.

"उतरलो गं पुण्यात," आप्पा म्हणाले. "तू काय करतीयेस?"

थाप मारायची तर तयार होती. पण तोंडातून खरंच निघालं. "झोपले होते, आप्पा. चार तास. तुमच्याच खोलीत."

पलीकडे विमानतळावरचा गलका ऐकू येत होता.

"मग पोचलं म्हणायचं टेलला," आप्पा म्हणाले, आणि बॅग आली म्हणून त्यांनी फोन ठेवला.