गावभर चिकटलेली शोकपत्रं

आमच्या गावात माणूस मेला की त्याचं फोटोसकट शोकपत्र दारावर, खांबावर, बसथांब्यावर चिकटतं. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी. हे कागद तीस वर्षं एकटी रुमेना छापते. माझं बूट दुरुस्तीचं दुकान तिच्या भिंतीला लागून, म्हणून तिचे हाल मला ठाऊक. मेलेल्यांना सुट्टी नसते, म्हणून तिलाही नाही.

यंदा तिची लेक वेसेला स्पेनमध्ये बाळंत होणार होती. रुमेनानं तीन महिन्यांसाठी जायचं ठरवून तिकीट काढलं. पण तिचा जुनाट प्रोग्राम बरोबर न्यायच्या नव्या लॅपटॉपवर चालेना. जावयानं सुट्टीत येऊन त्या लॅपटॉपच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर बसवून दिला. जुना प्रोग्राम त्यात चालतो. फायली क्लाउडवर चढवल्या आणि ते फोल्डर आत-बाहेर दोन्हीकडे सामाईक केलं.

"आई, आता सगळं दुकान तुमच्या लॅपटॉपवर आलं. आमच्याकडे बसूनही काम करा," जावई म्हणाला. "फक्त आतलं फोल्डर म्हणजे नक्कल समजू नका. आत पुसलंत की सगळीकडचं जाईल."

"म्हणजे तिथंही मेलेले माझ्या मागं!" रुमेना मला म्हणाली. मी आपला हसलो.

निघायच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, ती माझ्या दारात आली. आतल्या कॉम्प्युटरमध्ये जागा करायला म्हणून फोल्डर पुसलं, म्हणाली. आतलं गेलं, बाहेरचं लॅपटॉपवरचं गेलं, क्लाउडवरचंही गेलं. वर क्लाउडची कचरापेटी रिकामी केलेली. चार हजार माणसं फोटोंसकट दुसऱ्यांदा गेली.

माझा जीव तुटला. पण लगेच माझं डोकं चाललं. कागद तर गावभर चिकटलेलेच आहेत की! बाजारात जाऊन मी बोंब ठोकली. संध्याकाळपर्यंत लोकांनी दारं-खांब सोलून काढले, म्हाताऱ्यांनी कपाटात जपलेले जुने कागद आणले. रुमेनाच्या टेबलावर हा ढीग.

"बघ! एकही मेलेला हरवू दिला नाही तुझा," मी छाती काढून म्हणालो.

तिनं मला कोपऱ्यात ओढलं. मग लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "इलिया, मी मुद्दाम पुसलं होतं रे. पेटीसुद्धा मुद्दाम रिकामी केली."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण दुकानात आता पाय ठेवायला जागा नव्हती.

"रुमेना, आधी माझ्या कोल्योचं घे गं बाई," पेंका आजी पुढे सरकली. "गुरुवारी चाळीस दिवस होतात त्याला."

"बसा आजी," रुमेना म्हणाली आणि तिनं चष्मा चढवला.

विमान गुरुवारी सकाळचं होतं. ते तिच्याविना गेलं. वेसेलाला मुलगी झाली, तेव्हा रुमेनाचा अर्धा ढीगही संपला नव्हता.