आधी हात दाखवा

"आधी हात दाखवा." पुस्तक मागायला कोणीही येवो, वाचनालयातल्या बाईचं पहिलं वाक्य हेच. तळवे उलटसुलट करून बघायची, नखंसुद्धा. मळ दिसला की मागच्या नळाकडे बोट. मग मास्तर असो की रिक्षावाला.

असं एखादं माणूस तुमच्याही मोहल्ल्यात असेल. मला ती आवडत नसे, हे आधीच सांगते.

माझं मिरची कांडायचं काम. भिवापूरची मिरची, दारात उखळं, हाताखाली चार बाया. समोरच वाचनालय. माझी मुलगी शाळा सुटली की घरी न येता तिकडे. "जेवायच्या आधी हात धू" म्हणून मी घसा कोरडा केला, तिनं ऐकलं नाही. बाईसाठी मात्र कोपरापर्यंत धुवायची.

"तिच्याच घरी राहायले जाय ना," मी म्हणायची.

"बाई ठेवतीन का मले?" पोरगी खरंच विचारायची.

एका वर्षी वरून हुकूम आला. खर्च कमी करायचा, जिथं वाचक नाहीत ती वाचनालयं बंद. साहेब भरदुपारी पाहणीला येणार. त्या वेळी तिथं कोण असतं? बाई पहिल्यांदा माझ्या दारात आली.

"उद्या तुमच्या बाया घेऊन येता का? खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर कुलूप लावतील."

"खोटंखोटं बसायचं का?"

"खोटं काहून? रोज या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी शिकवते."

मनात आलं, लागू दे कुलूप. पोरगी घरी तरी येईल. पण घरी येऊन ती बाईच्याच नावानं झुरली असती, आणि जे माणूस समोर नाही त्याच्याशी भांडायचं कसं? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही उखळावरून उठून तशाच गेलो. आत पाय ठेवताच बाई शिंकली. मग पेपर वाचत बसलेला एक म्हातारा शिंकला. बाहेर साहेबांची जीप थांबली, आणि बाई आमच्या आडवी.

"आधी हात दाखवा."

"जीप आली वं बाई!"

"ही पुस्तकं लोक डोळ्यांजवळ धरतात. नळावर जा."

साहेब आत आले तेव्हा खुर्च्या रिकाम्या आणि म्हातारा शिंकतोय.

"एवढाच वाचक?"

तेवढ्यात मागच्या दारानं आम्ही ओले हात पुढं धरून आत आलो.

"या वाचक," बाई म्हणाली. "हात वाळले की बसतील."

साहेबांनी कपाटाकडे हात नेला. बोटाला पानाचा चुना.

"साहेब, आधी हात दाखवा."

हे बाई नाही, मी बोलले. निघून गेलं तोंडातून. साहेब हसले आणि नळावर गेले. बाई हसली नाही. तिच्या घरातलं भांडं मी उचललं असावं, तशी माझ्याकडे बघत राहिली. मला बरं वाटलं.

वाचनालय राहिलं. बाया दुपारी जाऊ लागल्या, मीही. मग बाई रिटायर होऊन उमरेडला भावाकडे गेली. तिच्या जागी कोणाला नेमलंच नाही. आम्ही ऑफिसात जाऊन भांडलो, पण या खेपेला कोणी पाहणीलाही आलं नाही. कुलूप लागलं. पुढं बाई वारल्याचं कळलं.

मुलगी आता चाळिशीची आहे. पुस्तक उघडायच्या आधी दोन्ही तळवे वर करते, उलटसुलट करते, जरा थांबते. समोर मीच बसलेली असते. मला दाखवत नाही.