अर्ध्यावर तोडलेली ओळ

"आणि ही आमची हलगी!"

परभणीच्या सभागृहात ताईंनी माईकवर असं म्हणून माझ्याकडं बोट केलं. माझ्या आधीच्या समद्या पोरींची नावं घेतली. आडनावासकट. कोण वरचा सूर म्हणते, कोण मधला, लय कौतुकानं सांगितलं. माझ्यापाशी आल्यावर नाव न्हाई. हलगी.

लोक हसले. मग ताईंना आणखी चेव आला. "हिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच आहे. शिकवावं लागलंच नाही, रक्तातच आहे!"

टाळ्या पडल्या. समोर माझा बा बसलेला. इस्त्रीचा सदरा घालून आलेला. मीच बोलावलं होतं त्याला. म्हणलं होतं, बा, एकदा ये, मी गाते ते ऐक. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच न्हाई.

माझ्या बानं हलगी मी पाळण्यात असतानाच सोडली. गावात कुणाची वरात असो का मयत, वाजवायला बा. अन् जेवायला बसवायचे उकिरड्याकडंला. एका लग्नात दमून जरा थांबला, तर नवरदेवाच्या चुलत्यानं पाठीत लाथ घातली. "वाजव की रे!" बा घरी आला अन् हलगी चुलीत घातली. गाव सोडलं, सेलूला जिनिंगवर हमाल झाला. रुईच्या गाठी वाहून पाठ मोडली, पण म्हणायचा, "माझ्या लेकराच्या हातात हलगीचं टिपरू दिसलं न्हाई पायजे."

ताई म्हणजे त्याच जिनिंगच्या मालकाची सून. पुण्यात वाद्यांशिवाय गाणाऱ्या गटात गायलेली. उन्हाळ्यात कापूस संपला की जिनिंग बंद, गोदाम मोकळं. तिथं ताईंनी सुट्टीतला पोरींचा गट काढला. पेटी न्हाई, तबला न्हाई, नुसते गळे. पत्र्याखाली जीव उकडून निघायचा, पण आवाज असा घुमायचा की अंगावर काटा यायचा. पहिल्याच दिवशी ताई म्हणल्या, "गळ्याला जात नसते, पोरींनो." मी तवा सहावीत. ते वाक्य पळत पळत घरी नेलं, आईला सांगितलं. आई नुसती हसली.

त्याच दिवशी एकेकीला एक ओळ म्हणायला लावली. मी आईची ओवी घेतली, कापूस वेचताना म्हणायची ती.

दुधनेच्या काठावरी पांढरं रान फुललं...

एवढ्यात ताईंनी हात वर केला. "थांब. वडील काय करतात तुझे?"

"इथंच हमाल हायत."

"त्याच्या आधी?"

"हलगी वाजवायचे."

"अरे वा! मग प्रश्नच मिटला. तू ठेका धरायचा. तोंडानं."

तवापासून मी तोंडानं हलगी वाजवली. डगड चिक्, डगड चिक्. व्हट सुजायचे, घशाला कोरड पडायची. बाकीच्या पोरी शब्द म्हणायच्या, मी त्यांच्या मागं उभी. दर उन्हाळ्यात विचारायचे, "ताई, यंदा मला एक ओळ द्या ना." ताई गालावरनं हात फिरवायच्या. "पुढच्या वर्षी नक्की. ठेका पण गाणंच असतं, बाळा." मला खरं वाटायचं. ताईंवर जीव होता माझा. त्यांच्यासारखी येणी घालायचे, त्यांच्यासारखं 'नाही' म्हणायला शिकले. घरी सांगायचे, मी गाते.

बारावीच्या सुट्टीत त्या स्टेजवर, लोक हसत असताना, मला पहिला दिवस आठवला. ताईंनी माझी ओळ ऐकलीच नव्हती! बाचा धंदा ऐकला अन् माझं काम ठरवलं. बिनवाद्यांच्या गटात वाद्य कोण, तर मी. लाथ घालणारा चुलता निदान उघड उघड वागला. हिनं गालावरनं हात फिरवत तेच केलं. बानं चुलीत घातलेली हलगी हिनं माझ्या तोंडात ठेवली. केवढा दगा!

हलगीची लाज न्हाई मला. माझ्या बासारखा हात जिल्ह्यात नसंल. पण ती वाजवायची का न्हाई हे आमी ठरवू.

ताईंनी इशारा केला. ठेका मलाच सुरू करायचा होता. मी गप. ताईंनी डोळे वटारले. "सुरू कर ना!"

मी पुढं झाले, माईक धरला.

दुधनेच्या काठावरी पांढरं रान फुललं,
वेचता वेचता बाई, आईचं बोट सोललं.

कुणीतरी माईक बंद केला. मी तशीच म्हणत राहिले. मागच्या पोरींतली एकपण माझ्यासंगं उभी राहिली न्हाई. ताई दात चावून म्हणल्या, "किती केलं तुझ्यासाठी! शेवटी गेलीस तुमच्या वळणावर."

सेलूच्या गाडीत बा खिडकीबाहेर बघत होता. तसाच बघत म्हणला. "इतकी वर्षं मला वाटायचं, तू गातीस." त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मी सेलू येईस्तोवर रडले.

आता मी पाथरीला दवाखान्यात नर्स हाय. मागच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. आवाज तसाच, मधाळ. "बाळा, जुन्या सगळ्या पोरी जमतायत. झालं गेलं विसर. तुझ्याशिवाय मजा नाही गं."

माफीचा एक शब्द न्हाई. अजून न्हाई!

"येते," म्हणलं. "पण आधी बाच्या देखत माईकवर माझं नाव घ्यायचं. आडनावासकट. अन् ओळ मी म्हणणार. पुरी म्हणणार."

"अगं, पण मग ठेका कोण धरणार?"

"तुमी धरा, ताई."