आंबट गुरुवार

माझ्या नणंदेला कुठलीही तारीख सांगा, ती वार सांगते. तिची वेणी मात्र मलाच घालावी लागते. मला वाटायचं, कॅलेंडर पाठ केलं असेल. म्हणून माझ्या लग्नाची तारीख सांगून वार विचारला.

"गुरुवार. आंबट हाय," ती म्हणाली.

वार बरोबर होता. वाराला चव असते, हे मला अजून पटलेलं नाही.

दिराला लगेच पटलं. त्याने तिला मळवट भरून देवी म्हणून पाटावर बसवलं. मला त्याच्या हेतूचाच संशय जास्त. एक म्हातारी नारळ घेऊन आली. "माय, ऊसतोडीला गेलेलं पोरगं कधी येईल?"

"तारीख सांगा, वार सांगते."

"देवी कोड्यात बोलते," दीर म्हणाला.

नणंद रडकुंडीला आली. मी तिचं कपाळ पुसलं, "भाऊजी, तुमीच बसा पाटावर," म्हणाले आणि तिला घरात नेलं.