उसवलेली कथरी

आमच्या पवनीत तान्ह्या बाळाखालची कथरी कोणी नव्या कापडाची शिवत नाही. नवं कापड टोचतं. धुऊन धुऊन मऊ पडलेलंच हवं. माझ्या बाळंतपणासाठी माझ्या आईने तशी एक शिवली होती, आपल्या जुन्या लुगड्यांचे चौकोन जोडून. बाळ पोटातच गेलं. पुढे मूल झालं नाही, आणि काही वर्षांनी आईही गेली. कथरी माझ्या पेटीत राहिली. बाळाचं म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच होतं.

मग नणंद बाळंतपणाला माहेरी आली. सासूने माझ्या माघारी पेटी उघडली आणि कथरी माझ्या पुढ्यात टाकली.

"हे अशीच नाई चालत. उसव हिले. तुकडे फिरवून शिवले का दोष जाते."

"आई, माह्या साड्या घ्या नं. दुसरी शिवू."

"तुह्या साड्या? वांझेच्या? तुही माय तं लेकुरवाळी होती. तिचंच कापड पाहिजे."

सासूला आई म्हणायची रीत कोणी काढली कोण जाणे. त्या माणसाला सासू नसावी.

उसवायचं काम माझंच होतं. आईचे टाके बारीक, दाट. ब्लेड लावलं तरी सुटता सुटेनात. शिवायला मात्र माझा हात चालणार नव्हता, म्हणून शेजारच्या चार पोरांच्या आईला बोलावलं. ती सुई ओवत बसली तेव्हा मी म्हटलं, "एक चौकोन ठेवू द्या मले."

"काहून?" सासू म्हणाली. "कोनाले निजवशीन त्याच्यावर?"

शेजारीण हसली. आतल्या खोलीत नवरा हातमागावर बसला होता. त्याने ऐकलं, मला माहीत आहे. माग चालूच राहिला.

नणंदेला मुलगा झाला, गोरापान. त्याचा मला राग आला नाही असं म्हणणं शोभून दिसेल, पण आला. रोज सकाळी त्याची घाण झालेली कथरी मी धूत होते आणि आईचा कोणता चौकोन कुठे जाऊन बसलाय ते बघत होते.

आपल्या घरी, जवाहरनगरच्या क्वार्टरवर परत जाताना नणंदेने बाळाला दुकानातल्या गुबगुबीत ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. कथरी दोरीवरच राहिली. मला वाटलं, सुटली. मी ती काढली, घडी केली आणि पेटीकडे निघाले.

"ठेव ते," सासू दारातच आडवी आली. "पोराचं कापड वांझेच्या हाती राह्यलं तं पोराले लागन."

"रोज तं मीच धुऊन राहिली होती."

"धुनं येगळं, ठेवनं येगळं."

तिने माझ्या हातातून ती ओढून घेतली आणि अंगणात न्हाणीचं पाणी तापत होतं त्या चुलीत कोंबली. थरांची घट्ट घडी, चटकन पेटली नाही. आधी धूर झाला, मग एकेका चौकोनाची कड लाल होत गेली. सासू लाकडाने ढोसत होती. तिचा हात मनगटापर्यंत त्या जाळात धरावा, असं मला वाटलं. आजही वाटतं.

मग तिने ते पाणी उपसून घेतलं आणि न्हाणीत जाऊन बसली.

"ये वो, पाठ घासून दे," तिने आतून हाक मारली. "पानी मस्त तपलं आज."

मी गेले. पाठ घासून दिली.